वाचकांचे प्रश्न : ताजिक लेखक, सोविएत सत्ता आणि सीमेपलीकडे राहिलेलं समरकंद

मागच्या अंकात जुन्या पुस्तकांच्या पानावर सदरुद्दीन ऐनी ह्यांच्या ‘दाखुंदा’ कादंबरीबद्दल चार ओळी दिल्या होत्या, की लेखक ताजिक, मूळ पुस्तक १९३० चं, हिंदी अनुवाद राहुल सांकृत्यायनांचा, आणि ऐनींना आधुनिक ताजिक साहित्याचे जनक मानतात. बस एवढंच. पण त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की ह्या वेळी बाकी विषय बाजूला ठेवून अख्खा कॉलम ह्यालाच दिलाय. प्रश्न थोडे आखडते घेतलेत, आणि नावं न टाकता फक्त गावं टाकलीत.

ऐनींना ताजिक साहित्याचे जनक म्हणता, पण नेटवर बघितलं तर जन्म बुखाऱ्याजवळचा आणि आयुष्य गेलं समरकंदला. दोन्ही ठिकाणं उझबेकिस्तानात. मग ते ताजिक कसे काय? (एक शिक्षिका, अमळनेर)

मॅडम, तुम्ही एकदम गाभ्यालाच हात घातला. ऐनी जन्मले १८७८ साली, सोकतारे नावाच्या खेड्यात, आणि तेव्हा ताजिकिस्तान नव्हतं आणि उझबेकिस्तान पण नव्हतं. होतं ते बुखाऱ्याच्या अमीराचं राज्य. दरबाराची आणि मदरशाची लिहायची भाषा फारसी (तिलाच पुढे तिकडे ताजिक म्हणायला लागले), बाजारात फारसी आणि तुर्की दोन्ही चालायच्या, कित्येक घरांत तर एकाच चुलीपुढे दोन्ही भाषा. कुणाला विचारलं तू कोण, तर तो सांगणार मी मुसलमान, मी बुखाऱ्याचा, मी अमक्या गावचा. ताजिक की उझबेक हा प्रश्न फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आला, आणि फॉर्म सोविएत सरकारने आणले.

ऐनींचे आईवडील लहानपणीच साथीत गेले, हा पोरगा बुखाऱ्याला मदरशात शिकला, पडेल ते काम करून. पुढे नव्या पद्धतीच्या शाळा काढणाऱ्या सुधारकांमध्ये सामील झाला, मुलांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिली. अमीराला हे खपणारं नव्हतंच. १९१७ मध्ये ऐनींना पकडून ७५ फटके मारले, रशियन सैनिकांनी सोडवून दवाखान्यात नेलं म्हणून माणूस वाचला. पुढच्याच वर्षी त्यांच्या भावाला अमीराच्या लोकांनी ठार केलं. त्यामुळे १९२० मध्ये बोल्शेविकांनी अमीराला हाकललं तेव्हा ऐनी त्यांच्या बाजूने उभे राहिले त्यात नवल नाही. त्यांना कोणी विकत घेतलं नव्हतं, पाठीवरचे वळच पुरेसे होते. त्यांच्या पुढच्या लिखाणाबद्दल काही मत बनवायच्या आधी हे लक्षात ठेवायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. १९२४ मध्ये मॉस्कोने मध्य आशियाचा नकाशा नव्याने आखला, उझबेकिस्तान मोठं प्रजासत्ताक झालं आणि ताजिकांना त्याच्या पोटात एक छोटा स्वायत्त भाग मिळाला, बहुतेक डोंगराळ. त्या काळात तुर्की एकीचं स्वप्न बघणारे बरेच शिकलेले लोक उघड म्हणायचे की इथे ताजिक असे वेगळे कोणी नाहीतच, हे आपलेच तुर्क आहेत, फारसी बोलायला लागले इतकंच. म्हणजे लोक समोर बसलेत, बोलताहेत, आणि त्यांना सांगितलं जातंय तुम्ही नाही आहात.

ह्याला ऐनींनी उत्तर दिलं ते एका पुस्तकाने, ‘ताजिक साहित्याचे नमुने’. १९२६ साली मॉस्कोत छापलं, जुन्या अरबी-फारसी लिपीत. दहाव्या शतकातल्या रूदकीपासून सुरू करून थेट आपल्या काळापर्यंत, शतकामागून शतक, कवी आणि त्यांच्या कविता. ना कुठे भांडण ना कुठे घोषणा, नुसता पुरावा, की बघा हजार वर्षं आम्ही ह्या मातीत ह्या भाषेत लिहितोय. माझ्या मते ऐनींच्या कादंबऱ्यांपेक्षाही हे पुस्तक मोठं. एखाद्या समाजाचं असणंच नाकारलं जातं तेव्हा कवितांचा संग्रह हा सातबारा होतो, आणि ऐनींनी तो एकट्याने लिहून काढला.

आणि त्या पुस्तकाचं काय झालं ते पण ऐका. त्यात रूदकीची बुखाऱ्यावरची प्रसिद्ध कविता होती. जुनी कथा अशी की तेव्हाच्या बुखाऱ्याच्या सामानी घराण्यातला अमीर नसर हेरातला गेला तो परत यायचं नावच घेईना, दरबारी लोक घरच्या आठवणीने कासावीस, शेवटी त्यांनी रूदकीला गळ घातली, त्याने बुखाऱ्याची आठवण करून देणारी कविता गायली आणि अमीर पायात जोडे न घालताच घोड्यावर बसून निघाला. कवितेत बुखाऱ्याला उद्देशून म्हटलंय की खूश हो, तुझा अमीर तुझ्याकडे येतोय. झालं, हजार वर्षांपूर्वीच्या ह्या ओळीवरून ऐनींवर आरोप आला की अफगाणिस्तानात पळालेल्या अमीराला हा परत बोलावतोय! पुस्तक मागे घेतलं गेलं, प्रती गायब झाल्या. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, ताजिक नाहीतच असं म्हणणं त्यानंतर अवघड झालं.

आमच्या रावेरहून बऱ्हाणपूर जवळच, फारुकी राजांची खान्देशची राजधानी तीच, पण आज ती मध्य प्रदेशात. समरकंद-बुखाऱ्याचं असंच झालं का? (एक शेतकरी, रावेर)

भाऊ, उदाहरण चांगलं शोधलंत, आणि अर्ध्यापर्यंत ते बरोबर लागू पडतं. राजधानी एकीकडे राहिली, तिच्या नावाने ओळखला जाणारा मुलूख दुसरीकडे, आणि ओढ कागदावरच्या रेघेने तुटत नाही. पण पुढे फरक पडतो. बऱ्हाणपूरच्या माणसाला कोणी विचारत नाही की तुझी घरची भाषा कुठली, नाव कुठल्या रकान्यात लिहू. समरकंद-बुखाऱ्यात हेच विचारलं गेलं. १९२६ च्या जनगणनेत तिथल्या फारसी बोलणाऱ्या कित्येक लोकांची नोंद उझबेक म्हणून झाली, काहींनी भीतीने तसं सांगितलं, काहींना सांगण्यात फायदा होता, आणि काहींना खरंच फरक वाटत नव्हता कारण घरात दोन्ही भाषा होत्या. एकाच आईची दोन लेकरं, एक ताजिक एक उझबेक, असं पण तिथे होऊ शकायचं.

सीमा ठरत होत्या तेव्हा ताजिकांच्या बाजूने जोर लावणारं फारसं कोणी नव्हतं, बुखाऱ्याचे मोठे मोठे सुधारक उझबेक बाजूला होते. नंतर नुसरतुल्लो मखसूम, शिरिनशो शोतेमूर, अब्दुरहीम होजिबोएव ही ताजिक नेते मंडळी उभी राहिली, त्यांनी समरकंद मागितलं, बुखारा मागितलं, खुजंद मागितलं. १९२९ मध्ये ताजिकिस्तान पूर्ण प्रजासत्ताक झालं, पण मिळालं फक्त खुजंद. आणि १९३७-३८ मध्ये ह्या तिघांनाही गोळ्या घातल्या.

राजधानी मग कुठे करायची, तर दुशांबे, जे तेव्हा बाजार भरायचा असं एक गाव होतं. १९२९ ला रेल्वे पोचली आणि त्याच वर्षी नाव बदलून स्टालिनाबाद केलं, ते १९६१ पर्यंत तसंच होतं. म्हणजे विचार करा, ज्या लोकांच्या कवितेत हजार वर्षं समरकंद आणि बुखारा आहे त्यांना थिएटर, प्रेस, युनिव्हर्सिटी, लेखक संघ सगळं एका नव्या गावात पहिल्यापासून उभं करायचं होतं. ते त्यांनी केलं, हे पण मोठं काम आहे आणि त्यात सोविएत पैसा आणि सोविएत माणसं होती हे नाकारून चालणार नाही. ऐनी स्वतः मात्र समरकंदच्या घरातच राहत राहिले. १९५१ ला ताजिक विज्ञान अकादमी झाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच, आणि १९५४ ला गेले ते दुशांबेत.

भाऊ, हाई काय भानगड शे? ताजिक म्हंजे फारसीच ना? मग दोन नावं, दोन लिप्या कशाला? (एक दुकानदार, शिरपूर)

बोलायला फारसीच, भाऊ. इराणचा, काबूलचा आणि दुशांबेचा माणूस एकत्र बसला तर उच्चार आणि काही शब्दांवर अडखळतील पण गप्पा होतील. वेगळं नाव रुजवलं ते सोविएत काळात, कारण सरकारला आपले ताजिक इराणपासून आणि अफगाणिस्तानपासून वेगळे, आपल्या हद्दीतलं एक स्वतंत्र राष्ट्र म्हणून हवे होते. त्या नावाने ताजिकांना उझबेकांपासून वाचवलं पण बाकी फारसी जगापासून तोडलं, दोन्ही एकाच वेळी.

पण नावापेक्षा लिपीचा घाव खोल. १९२० च्या दशकाच्या शेवटी अरबी-फारसी लिपी काढून लॅटिन आणली, आणि ती मुलांच्या हातात बसते न बसते तोच १९४० मध्ये सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरं, त्यात ताजिक उच्चारांसाठी सहा जादा अक्षरं टाकून. बारा-तेरा वर्षांत तीन लिप्या! आजोबांच्या हातचं पुस्तक नातवाला वाचता येईना. अरबी अक्षरांचं पुस्तक घरात सापडलं तर धार्मिक समजून अंगाशी येईल ह्या भीतीने लोकांनी पुस्तकं भिंतीत चिणली, जमिनीत पुरली.

दुसरी बाजू पण सांगतो, साक्षरता ह्याच काळात वाढली आणि खूप वाढली, अमीराच्या राज्यात खेड्यापाड्यात वाचता येणारा माणूस शोधावा लागायचा आणि दोन पिढ्यांत पोरीसुद्धा कॉलेजात. रूदकी, फिरदौसी, हाफिज हे जुने फारसी कवी सिरिलिकमध्ये छापून शाळेत शिकवले जाऊ लागले. पण शाळेत काय शिकायचं हे सरकारने निवडून दिलं, आणि न निवडलेलं शोधायला जायची वाटच लिपीने बंद करून टाकली, हे दुःख मला साक्षरतेच्या आनंदात विसरता येत नाही.

रेल्वेत असताना आम्ही सोविएत पुस्तकं स्वस्तात घेऊन खूप वाचली. आता सगळे म्हणतात तो सगळा प्रचार होता, लेखक स्टालिनची स्तुती करून बक्षिसं घ्यायचे. ताजिक लेखक पण तसलेच का? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

काका, स्तुती केली, बक्षिसं पण घेतली, ते लपवण्यात अर्थ नाही. ऐनींना १९५० ला स्टालिन पुरस्कार, कवी मिर्झो तुर्सूनजोदांना १९४८ ला. अबुलकासिम लाहूती, इराणातल्या किरमानशाहचा कवी, १९२२ मध्ये तबरीजचं बंड फसल्यावर पळून सोविएत देशात आला, त्याने स्टालिनवर कविता लिहिल्या आणि ताजिक प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत पण लिहिलं. हे सगळं झालंय.

पण स्तुती न लिहिणाऱ्यांचं आणि लिहूनही ज्यांचा जीव वाचला नाही त्यांचं काय झालं ते शेजारी ठेवून बघायला लागतं. बुखाऱ्याचा अब्दुरऊफ फितरत, ऐनींच्या सुधारक मंडळातलाच, फारसीत आणि उझबेकमध्ये दोन्हीकडे तेवढ्याच ताकदीने लिहिणारा, त्याला १९३८ च्या ऑक्टोबरात गोळी घातली. १९३७ च्या आसपास ताजिक लेखकांपैकी कित्येक तुरुंगात गेले, आरोप ठरलेला, राष्ट्रवादी. आणि ही गोष्ट फार क्रूर आहे, कारण सरकारच सांगत होतं की तुम्ही एक राष्ट्र आहात, तुमचं साहित्य बनवा, आणि थोडं जास्त मनापासून बनवलं की तोच गुन्हा.

मग वाट काय उरते? ह्या लोकांनी जी वाट काढली ती मला शिकण्यासारखी वाटते. सरकारला चालेल अशा चौकटीत आपलं ते भरायचं. फिरदौसीच्या शाहनामा ह्या महाकाव्यातला कावा लोहार घ्या, जुलमी राजाविरुद्ध उठणारा कामगार माणूस, सरकारला एकदम पसंत, त्याच्यावर लाहूतीने ऑपेरा लिहिला आणि १९४१ ला तो मॉस्कोत दाखवला, पण त्या निमित्ताने फिरदौसी ताजिक रंगमंचावर आला ना. रूदकी खेड्यातला, पंजकंदजवळच्या पंजरूदचा, म्हणून त्याला जनतेचा कवी ठरवलं. त्याचं गाव आणि कबर कुठे हे जुन्या ग्रंथांवरून ऐनींनी शोधलं होतं, १९५६ मध्ये गेरासिमोव नावाच्या शास्त्रज्ञाने कवटीवरून त्याचा चेहरा घडवला, आणि १९५८ ला अकराशेवी जयंती धूमधडाक्यात. जे कवी अशा चौकटीत बसत नव्हते, विशेषतः सूफी, ते मात्र मागे राहिले किंवा त्यांचा सूफीपणा कापून त्यांना पेश केलं गेलं.

सातिम उलुगजोदांची ‘वोसे’ कादंबरी १९६७ ची, बुखाऱ्याच्या अमीराच्या करांविरुद्ध एकोणिसाव्या शतकात डोंगरातल्या शेतकऱ्यांनी केलेल्या बंडावरची. वर्गसंघर्ष म्हणून पास झाली, पण ताजिक वाचकाने ती आपला इतिहास म्हणून वाचली. ऐनींच्या ‘आठवणी’ तशाच. अमीराचं राज्य किती वाईट होतं हे दाखवणारं पुस्तक म्हणून त्याला बक्षीस मिळालं, आणि ते राज्य वाईट होतंच, पण पानं उलटत गेलं की मदरशातल्या खोल्या, कवींच्या बैठका, जत्रा, भांडणं, जेवणं, अख्खा बुखारा नजरेसमोर उभा राहतो. जे शहर नकाशात मिळालं नाही ते त्यांनी कागदावर उतरवून ठेवलं असं मी तरी ते पुस्तक वाचतो.

एक माणूस ह्यात सगळ्यात वेगळा, बोबोजोन गफूरोव. दहा वर्षं, १९४६ ते १९५६, ताजिक कम्युनिस्ट पक्षाचे पहिले सचिव, म्हणजे स्टालिनच्या काळातला सत्तेतला माणूस. त्यानंतर मॉस्कोत प्राच्यविद्या संस्थेचे संचालक झाले आणि १९७२ मध्ये ‘ताजिक’ नावाचा मोठा इतिहासग्रंथ काढला, त्यात समरकंद-बुखारा ताजिक इतिहासाच्या मधोमध. सीमेबद्दल तक्रार न करता जे सांगायचं ते सांगितलं. तुम्ही जी पुस्तकं वाचली काका ती फेकून देऊ नका, फक्त आता त्यात काय नाही आहे ते पण शोधत वाचा.

ह्या लोकांचा आपल्या भारताशी काही संबंध आहे का? कॉलेजला प्रोजेक्ट करायचाय. (एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

ताई, भरपूर आहे, एका प्रोजेक्टमध्ये मावणार नाही. तीन धागे देतो.

पहिला बेदिल. अब्दुल कादिर बेदिल, पाटण्याचा जन्म, दिल्लीत १७२० ला मृत्यू, फारसीत लिहिणारा आपला कवी. भारतात आज त्याचं नाव फार थोड्यांना माहीत पण बुखाऱ्या-समरकंदला त्याच्या कवितेची पारायणं व्हायची, मदरशातली पोरं त्याच्या अवघड ओळी सोडवत बसायची. ऐनींनी शेवटी शेवटी बेदिलवर अख्खं पुस्तक लिहिलं.

दुसरा फितरत, वर ज्याचं नाव आलं तो. क्रांतीच्या आधी त्याने फारसीत एक पुस्तक लिहिलं ज्यात एक हिंदुस्तानी प्रवासी बुखाऱ्यात हिंडतो आणि तिथली घाण, अज्ञान, अमीराचा कारभार बघून थक्क होतो. स्वतःच्या शहरावर टीका करायची तर ती आपल्या भारतातल्या माणसाच्या तोंडी घातली, हे वाचून मला तर फारच जवळचं वाटलं.

तिसरा मिर्झो तुर्सूनजोदा. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीला आशियाई देशांची परिषद झाली, स्वातंत्र्याला चारपाच महिने बाकी होते, तिला हे आले होते. त्यावरून ‘हिंदुस्तानचा किस्सा’ ही कवितामाला लिहिली, गंगेवर कविता आहे, ताराचंद्री नावाची एक आहे. त्यात इंग्रजांवर राग आणि सोविएत देशाचं कौतुक ठरल्याप्रमाणे आहेच, पण गरीब भारतीय माणसाबद्दलची कणव मला खरी वाटते, आणि एका पराधीन देशाबद्दल लिहिताना ताजिक कवीच्या मनात आणखी काय काय असेल असा विचार पण येतो. हेच तुर्सूनजोदा १९४६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, ताजिक लेखक संघाचे प्रमुख होते. आज तिकडच्या एक सोमोनीच्या (सोमोनी म्हणजे ताजिकिस्तानचं चलन) नोटेवर त्यांचं चित्र, पाचच्या नोटेवर ऐनींचं, पन्नासच्या नोटेवर गफूरोवांचं. प्रोजेक्टच्या कव्हरला नोटांचे फोटो लाव, छान दिसेल.

सोविएत युनियन फुटल्यावर हे सगळं बदललं का? (एक वाचक, चोपडा)

फुटायच्या आधीच बदलायला लागलं होतं. लोइक शेरअली, बोजोर सोबिर, गुलरुखसोर ही कवींची पिढी मातृभाषेबद्दल उघड लिहायला लागली होती, कारण शहरात शिकलेली पोरं रशियनच बोलायची आणि ऑफिसात ताजिकला किंमत नव्हती. जुलै १९८९ मध्ये कायदा होऊन ताजिक राज्यभाषा झाली, त्यात नावापुढे कंसात फारसी असंही लिहिलं होतं, १९९४ च्या संविधानात मात्र नुसतं ताजिक उरलं. १९९१ ला स्वातंत्र्य, आणि १९९२ ते ९७ यादवी युद्ध. बोजोर सोबिरना १९९३ मध्ये अटक पण झाली. ज्यांनी भाषेसाठी एकत्र कविता म्हटल्या ते लोक वेगवेगळ्या बाजूंना गेले, प्रदेशाप्रदेशात रक्त सांडलं, ह्यावर सविस्तर लिहायचं तर वेगळा अंक लागेल. लिपी अजून सिरिलिकच आहे. राष्ट्रगीताची चाल जुनीच ठेवली, सुलेमान युदाकोवची, फक्त लाहूतीचे शब्द काढून गुलनजर केल्दींचे नवे टाकले.

हे सगळं मराठीत वाचायला मिळेल का? (एक ग्रंथपाल, धुळे)

मराठीत मला खात्रीने सांगता येईल असं पुस्तक नाही, हिंदीत मात्र आहे. राहुल सांकृत्यायन १९४५ ते ४७ लेनिनग्राडला शिकवायला होते, फारसी त्यांना येत होतीच, त्यांनी ऐनींची बरीच पुस्तकं हिंदीत आणली : ‘दाखुंदा’, ‘जो दास थे’, ‘अदीना’, ‘अनाथ’, ‘सूदखोर की मौत’. सुरुवात ‘सूदखोर की मौत’पासून करा, बुखाऱ्याच्या एका कंजूष सावकाराची गोष्ट आहे, छोटी आहे आणि ऐनींचा हात त्यात सगळ्यात मोकळा चाललाय, त्यानंतर ‘जो दास थे’, ती मोठी आहे, गुलामांच्या व्यापारापासून सामूहिक शेतीपर्यंतचं शतक आहे, शेवटचा भाग सरकारी वाटेल पण आधीचा सोडू नका. तुमच्याच लायब्ररीच्या हिंदी कपाटात खालच्या फळ्यांवर बघा, जुन्या वाचनालयांत ही पुस्तकं ‘रशियन’ म्हणून लावलेली असू शकतात. सापडली तर कळवा, आणि पानं सुटली असतील तर बाइंडिंग करून घ्या, कारण जुन्या छपाईच्या प्रती परत मिळणं सोपं नाही.